ऑब्फस्केट : एक अवघड क्रियापद आणि सत्तर वर्षांचा धूर

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा.)

माझी भाची बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. रोज वीस इंग्रजी शब्द पाठ करायचे, असा तिच्या क्लासचा नियम आहे. परवा तिचा फोन आला. "मामा, ऑब्फस्केट म्हणजे गोंधळात टाकणे असं दिलंय. कन्फ्यूज म्हणजे पण गोंधळात टाकणे. बिविल्डर, बॅम्बूझल, फ्लमॉक्स, सगळ्यांपुढे तेच लिहिलंय. इंग्रजांना एवढे शब्द लागतातच कशाला?"

मी म्हटलं, लागतात. फोनवर पाच मिनिटांत जमेल तेवढं सांगितलं, पण माझंच समाधान झालं नाही. कारण यातला पहिला शब्द परीक्षेपुरता नाही. तो नीट कळला तर गेल्या सत्तर वर्षांचं बरंच सार्वजनिक जीवन कळतं, आणि माझ्या घरातली एक गोष्टही. म्हणून ही पोस्ट.

आधी बाकीच्या शब्दांचं पटकन उरकतो. बिविल्डर म्हणजे रानात वाट चुकल्यावर होतं तसं होणं. शब्दाच्या पोटात रानच आहे. बॅम्बूझल हा बाजारू शब्द, गंडवण्याच्या जवळचा. हा असला शब्द इंग्रजीत घुसतोय म्हणून जोनाथन स्विफ्टने १७१० साली टॅटलर नावाच्या पत्रात तक्रार केली होती. शब्द काही गेला नाही, तीनशे वर्षं टिकून आहे. फ्लमॉक्स डिकन्सच्या पिकविकमध्ये भेटतो. समोरच्याला काही सुचेनासं होणं, बोबडी वळणं, असा त्याचा अर्थ. या सगळ्यांत गोंधळतो तो माणूस.

ऑब्फस्केटचं तसं नाही. लॅटिनमध्ये फस्कस म्हणजे काळपट, धुरकट रंगाचा. अमेरिकेतल्या एका तपकिरी वटवाघळाच्या शास्त्रीय नावात हाच फस्कस बसलाय. त्याला मागून-पुढून प्रत्यय लागून झालेलं क्रियापद सोळाव्या शतकात इंग्रजीत आलं. मूळ अर्थ काळं करणं, अंधारवणं. म्हणजे इथे आधी माणसाला काही होत नाही. काळी होते ती गोष्ट. माणूस शहाणा असतो, डोळे उघडे असतात, चष्मा पुसलेला असतो, पण समोरची वस्तूच धुरात गेलेली असते. म्हणून इंग्रजीत या क्रियापदाचं कर्म बहुतेक वेळा माणूस नसतो. मुद्दा ऑब्फस्केट करतात, वस्तुस्थिती करतात, हिशेब करतात.

आणि दुसरा फरक हेतूचा. कन्फ्यूज कुणीही करू शकतं. वर्गात शिकवताना चांगले मास्तरसुद्धा करतात. ऑब्फस्केट करायला बहुधा हेतू लागतो. ज्याला स्वतःला सगळं स्वच्छ दिसतंय, तोच दुसऱ्यापुढे धूर करू शकतो.

आयटीतल्या मित्रांना हा शब्द रोजचा आहे. लिहिलेला प्रोग्रॅम कुणी उघडून वाचू नये म्हणून त्यातली नावं बदलून, मांडणी विस्कटून तो वाचण्यापलीकडे नेऊन ठेवतात, त्याला कोड ऑब्फस्केशन म्हणतात. १९८४ पासून तर सर्वांत दुर्बोध प्रोग्रॅम कोण लिहितो याची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धाही चालते. (प्रोग्रॅमर लोकांचा विनोद वेगळाच असतो.) यातली लक्षात ठेवायची बाब अशी की असा प्रोग्रॅम खोटा नसतो. तो आधीइतकाच बिनचूक चालतो. तो काय करतोय ते फक्त वाचणाऱ्याला कळत नाही.

मराठीत याला काय म्हणावं? धूळफेक जवळचा आहे, पण धूळ डोळ्यांत जाते आणि ऑब्फस्केशन वस्तूवर होतं. दिशाभूल म्हणजे चुकीच्या रस्त्याला लावणं, इथे तर रस्ताच दिसू देत नाहीत. शब्दच्छल हा पंडितांचा खेळ. बुद्धिभेद हा गीतेतला शब्द, आपल्याकडे राजकारणातही भरपूर वापरला गेलेला, तो परिणाम अचूक सांगतो पण कृती सांगत नाही. मला विचाराल तर गावाकडचा "धुरळा उडवणे" सर्वांत जवळ जातो. बैलगाडी कुठल्या वाटेने गेली ते कळू नये म्हणून मागे धुरळा.

आता इतिहास.

सत्तेची भाषा धूर कसा करते हे सर्वांत स्पष्ट लिहून ठेवलं जॉर्ज ऑरवेलने, एप्रिल १९४६ मध्ये, राजकारण आणि इंग्रजी भाषा या विषयावरच्या निबंधात. हा ऑरवेल जन्मला आपल्या बिहारात, मोतीहारीला, १९०३ साली. वडील सरकारी अफू खात्यात नोकरीला. पुढे तो स्वतः बर्मात पोलीस अधिकारी होता, त्यामुळे सरकारी कागदातली भाषा त्याने आतून पाहिलेली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : गावांवर बॉम्ब टाकायचे आणि त्याला शांतता प्रस्थापित करणं म्हणायचं. लाखो शेतकऱ्यांना हुसकून रस्त्याला लावायचं आणि त्याला लोकसंख्येचं स्थलांतर म्हणायचं. शब्द असा निवडायचा की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्रच उभं राहू नये.

हे सगळं खरं आहे आणि पुष्कळांनी वाचलेलंही आहे. पण ऑरवेलचा धूर जड शब्दांचा होता. त्याने निबंध लिहिला त्यानंतर आठच वर्षांत धुराची एक नवी जात आली, तिला जड शब्द लागेनात. ती साधं, सभ्य, शाळकरी इंग्रजी बोलायची. तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण ती जवळजवळ पूर्ण कागदावर सापडली. असं फार क्वचित होतं.

१९५० साली दोन अभ्यास आले. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या इस्पितळांतले फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण तपासले. डॉलला सुरुवातीला संशय होता डांबरी रस्त्यांचा आणि मोटारींच्या धुराचा. ६४९ पुरुष रुग्ण होते. त्यांत कधीही सिगारेट न ओढलेले निघाले फक्त दोन. अभ्यास पुरा व्हायच्या आधीच डॉलने स्वतःची सिगारेट सोडून दिली. त्याच वर्षी अमेरिकेत अर्न्स्ट वाइंडर आणि एव्हर्ट्स ग्रॅहम यांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्रॅहम त्या काळचे मोठे सर्जन, कर्करोग झालेलं अख्खं फुप्फुस यशस्वीपणे काढून टाकणारे. स्वतः भरपूर सिगारेट ओढायचे. अभ्यासानंतर सोडली. १९५७ साली फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले.

१९५३ च्या अखेरीला वाइंडर आणि ग्रॅहम यांचा दुसरा प्रयोग आला. सिगारेटच्या धुरातलं डांबर उंदरांच्या पाठीवर लावलं की गाठी येतात. ही बातमी मासिकांतून घराघरांत गेली. कंपन्यांचे शेअर घसरले.

मग त्याच डिसेंबरच्या मध्यात न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात मोठ्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख एकत्र बसले. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं. त्यांनी सल्ल्याला बोलावला जॉन हिल नावाचा जनसंपर्क तज्ज्ञ. (एका हिलने सिगारेट पकडली, दुसऱ्या हिलने सोडवली, असा योगायोग.) साधी बुद्धी काय सांगते? बातमी नाकारा, डॉक्टरांना खोटं पाडा. हिलने वेगळं सांगितलं. विज्ञानाशी भांडू नका, विज्ञानाच्या बाजूने उभे राहा. अजून विज्ञान हवं, असं म्हणा.

४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात आली. सिगारेट ओढणाऱ्यांना प्रांजळ निवेदन, असं तिचं शीर्षक. प्रांजळ! त्यात काय होतं? लोकांचं आरोग्य ही आम्ही आमची मूलभूत जबाबदारी मानतो. फुप्फुसाच्या कर्करोगाची अनेक संभाव्य कारणं असल्याचं संशोधन सांगतं. नेमकं कारण कोणतं यावर जाणकारांचं एकमत नाही. आम्ही संशोधनाला पैसे देऊ, त्यासाठी समिती नेमू.

हे नीट वाचा. पहिलं वाक्य कुणाला आवडणार नाही? अनेक कारणं असतात, हे तर प्रत्येक आजाराबद्दल खरं आहे. संपूर्ण एकमत कशावरच नसतं. आणि संशोधनाला नाही कोण म्हणेल? वाक्यावाक्यात खोटं पकडायला गेलात तर हाती फार काही लागत नाही. पण सगळं एकत्र वाचून संपलं की सिगारेटने कर्करोग होतो ही गोष्ट, जी डिसेंबरात लख्ख दिसू लागली होती, ती पुन्हा काळपट झालेली असते. भाचीच्या वहीत मी हेच उदाहरण लिहायला सांगणार आहे.

समिती खरंच झाली. तिचे शास्त्रीय प्रमुख म्हणून आले क्लॅरेन्स कुक लिटल, नामवंत जनुकशास्त्रज्ञ, पूर्वी अमेरिकेतल्या कर्करोगविरोधी संस्थेचेच प्रमुख राहिलेले. संशोधनाला खरोखर पैसे मिळाले, खरोखर चांगले निबंध निघाले. आनुवंशिकता, विषाणू, पेशी कशा वाढतात वगैरे. सिगारेटचा थेट प्रश्न सोडून बाकी सगळं. दर वर्षी सांगता येत होतं की एवढा खर्च केला, अजून निश्चित सांगता येत नाही. धूर करायला ओली लाकडं लागतात. इथे ती खऱ्या शास्त्रज्ञांनी पुरवली, आणि त्यातल्या अनेकांना आपण काय पुरवतोय याची कल्पनाही नसेल.

उपाय लागू पडला. खप सावरला, वाढला, आणि अमेरिकेतला सिगारेटचा दरडोई खप १९६३ साली उच्चांकाला पोचला. प्रांजळ निवेदनानंतर नऊ वर्षं. ११ जानेवारी १९६४ ला सर्जन जनरलचा अहवाल आला आणि सरकारने स्वच्छ सांगितलं की सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग होतो. तरी धूर चालूच राहिला. १९६९ च्या सुमारास ब्राउन अँड विल्यमसन या कंपनीत एक अंतर्गत टिपण लिहिलं गेलं. त्याचा आशय असा की शंका हाच आपला माल आहे, कारण लोकांच्या मनात जी वस्तुस्थिती बसलीय तिच्याशी स्पर्धा करायला शंकेसारखं दुसरं साधन नाही. सिगारेट कंपनी स्वतःच म्हणतेय की आम्ही विकतो ती शंका. एवढा प्रांजळपणा निवेदनात कुठे होता?

हे कागद बाहेर कसे आले? मे १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक स्टँटन ग्लँट्झ यांच्याकडे एक पार्सल आलं. आत कंपनीची सुमारे चार हजार पानं. पाठवणाऱ्याच्या जागी एका कार्टूनमधल्या सिगारेटच्या पात्राचं नाव, मिस्टर बट्स.

त्याच्या महिनाभर आधी, १४ एप्रिल १९९४ ला, सात कंपन्यांचे सात प्रमुख अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे उभे राहिले, उजवा हात वर करून शपथ घेतली. निकोटिनचं व्यसन लागतं का, असा प्रश्न. एकेकाने उत्तर दिलं. आणि ते उत्तर ऐकताना व्याकरणाकडे लक्ष द्यायला हवं. व्यसन लागत नाही असं थेट न म्हणता, व्यसन लागत नाही असं मी मानतो, अशा थाटात ते बोलले. मानतो! तुम्ही काय मानता हे खोटं ठरवणार कसं? पुढे चौकशी झाली, पण शपथेवर खोटं बोलल्याचा खटला त्यांच्यावर कधीच उभा राहिला नाही. एका क्रियापदाने सात माणसं वाचवली, असं म्हणायला हरकत नाही.

१९९८ साली कंपन्यांनी अमेरिकेतल्या ४६ राज्यांशी तडजोड केली. पंचवीस वर्षांत दोनशे अब्ज डॉलरच्या वर द्यायचं कबूल केलं. २००६ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी सोळाशेहून अधिक पानांच्या निकालात म्हटलं की या कंपन्यांनी अनेक दशकं ठरवून जनतेला फसवलं. प्रांजळ निवेदनापासून या निकालापर्यंत बावन्न वर्षं.

त्या निकालात लाइट सिगारेटचा भाग आहे. इथे मला जरा थांबायचंय.

माझे वडील सरकारी कार्यालयात क्लार्क होते. दिवसाला एक पाकीट. पन्नाशीला आले तेव्हा खोकला सुरू झाला, आईने बोलून बोलून पिच्छा पुरवला, तेव्हा त्यांनी सिगारेट बदलली. जिच्या पाकिटावर रंग फिका होता आणि नावात हलकेपणा होता, अशी घ्यायला लागले. ब्रँड सांगत नाही. आम्हाला सगळ्यांना वाटलं की अर्धी लढाई जिंकली. आईने देवापुढे साखर ठेवली.

लाइट सिगारेट काय असते ते मला पुढे वाचून कळलं. फिल्टरच्या कागदाला बारीक छिद्रं असतात. प्रयोगशाळेतलं यंत्र सिगारेट ओढतं तेव्हा त्या छिद्रांतून बाहेरची हवा आत येते, धूर पातळ होतो आणि यंत्रावर डांबराचा आकडा कमी येतो. आकडा खरा. पण माणूस यंत्रासारखा ओढत नाही. त्याची बोटं, त्याचे ओठ नेमके त्या छिद्रांवर येतात. शिवाय शरीराला निकोटिन हवं तेवढं हवंच असतं, म्हणून तो खोल ओढतो, जास्त ओढतो. केसलर यांच्या निकालात म्हटलंय की हे कंपन्यांना माहीत होतं. अमेरिकेत २०१० पासून पाकिटावर लाइट, माइल्ड असले शब्द लिहायला बंदी आली. पुन्हा तेच बघा. आकडा खोटा नव्हता. शब्दही खोटा नव्हता, धूर हलकाच लागायचा घशाला.

वडील दिवसाला एकवरून दीड पाकिटावर गेले. आम्ही म्हणायचो, निदान हलकी तरी आहे.

आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी टोकलं की म्हणायचे, "अरे, अजून पूर्ण सिद्ध झालेलं नाही. शास्त्रज्ञांतच मतभेद आहेत." त्यांनी ते कुठे वाचलं होतं कोण जाणे, पेपरातच कुठेतरी. आमच्या गावात न्यूयॉर्कचं प्लाझा हॉटेल कुणाला ठाऊक नव्हतं. पण तिथे तयार झालेलं वाक्य तीसेक वर्षांत समुद्र ओलांडून, इंग्रजीतून मराठीत येऊन, आमच्या ओसरीवर बसलं होतं. आणि ते बोलणारा माणूस कुणाला फसवत नव्हता. त्याला ते मनापासून खरं वाटत होतं. धूर करणाऱ्याला पुढे काही करावंच लागत नाही, तो असा प्रामाणिक माणसांच्या तोंडून आपोआप पसरतो.

आता २०१५.

केंद्र सरकारने ठरवलं होतं की १ एप्रिल २०१५ पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्ररूप इशाऱ्याने भरायचा. तारीख जवळ आली आणि संसदेच्या संबंधित समितीने सांगितलं की थांबा, आधी अभ्यास करू. समितीचे अध्यक्ष होते आपल्या अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी. माध्यमांशी बोलताना त्यांनी जे सांगितलं त्याचा सारांश असा : तंबाखू वाईट आहे हे सगळ्यांना मान्य आहे. पण तंबाखूमुळे कर्करोग होतो हे सिद्ध करणारा भारतीय अभ्यास नाही, सगळे अभ्यास परदेशातले आहेत. कर्करोग काही फक्त तंबाखूने होत नाही. विड्या वळून पोट भरणाऱ्या लोकांचाही विचार करावा लागेल.

गांधी आज हयात नाहीत, आणि मला माणसाबद्दल बोलायचंही नाही. त्यांचाही त्यावर विश्वास असेल, जसा माझ्या वडिलांचा होता. मला वाक्यांबद्दल बोलायचंय. १९५४ च्या जाहिरातीशेजारी ही वाक्यं ठेवून बघा. आरोग्याची काळजी आम्हालाही आहे. कारणं अनेक असतात. अजून अभ्यास हवा. एकसष्ट वर्षांत फक्त पासपोर्ट बदलला होता. आता अभ्यास भारतीय हवा होता.

आणि तो नव्हता का? मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय आहे, १९४१ पासून. १९५५ साली तिथल्या सांघवी, राव आणि डॉ. व. रा. खानोलकर यांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. विषय होता तंबाखू ओढणं, तंबाखू चघळणं आणि तोंड-घशाचा कर्करोग. म्हणजे न्यूयॉर्कला निवेदन छापून झाल्यावर दीड वर्षाच्या आत परळने उत्तर दिलेलं होतं. तेही आपल्या लोकांवर, आपल्या सवयींवर. गोऱ्यांची सिगारेट घेतली नव्हती, आपली विडी आणि आपला तंबाखू-पानाचा तोबरा घेतला होता.

ते रुग्णालयातले रुग्ण होते, खेड्यांचं काय, असं कुणी म्हणेल. त्याचंही उत्तर आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जिथे अणू-परमाणूंवर काम चालायचं, तिथे एक दंतसंशोधन विभागही होता. डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी खेडोपाडी लोकांची तोंडं उघडून बघत हिंडले. महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांच्या तपासणीचा त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. हे खेडूत पुणे जिल्ह्यातले. पुणे जिल्हा म्हणजे अहमदनगरचा शेजार. एक लाख माणसं! त्या काळच्या वाटांवरून, घरोघर.

म्हणजे अभ्यास नव्हता असं नाही. अभ्यास होता, मराठी माणसांच्या तोंडांचा होता, आणि तो नाहीच असं म्हणणारं वाक्य बातम्यांत आलं तेव्हा पुष्कळांना वाटलं की मुद्दा बरोबर आहे. मलाही क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोलू. परदेशी अभ्यास आपल्याला कसा लागू होईल, हे ऐकायला किती स्वाभिमानी वाटतं!

बरं, हे सगळं कधी, तर आर. आर. पाटील यांना जाऊन दीड महिनासुद्धा झाला नव्हता. १६ फेब्रुवारी २०१५. तोंडाचा कर्करोग. वय अवघं ५७. तंबाखूची सवय लपलेली नव्हती. तासगावला त्या दिवशी जे लोक होते त्यांना भारतीय अभ्यास विचारायला हवा होता.

आणि सुनीता तोमर. मध्य प्रदेशातल्या भिंडच्या. तंबाखूविरोधी सरकारी जाहिरातीत स्वतःचा चेहरा दाखवणारी ती तरुण बाई आठवत असेल. समितीच्या अध्यक्षांचं बोलणं ऐकून तिने पंतप्रधानांना पत्र लिहून नाराजी कळवली. १ एप्रिल २०१५ ला ती गेली, २८ वर्षांची. ज्या दिवशी मोठे इशारे लागू व्हायचे होते आणि झाले नाहीत, त्याच दिवशी. टाटा मेमोरियलमध्ये. १९५५ चा अभ्यास जिथे झाला तिथेच.

८५ टक्क्यांचा नियम शेवटी १ एप्रिल २०१६ ला आला. समितीने तेव्हाही ५० टक्क्यांवर भागवा असं सुचवलं होतं, सरकारने ऐकलं नाही. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, तो वेगळा विषय. धुराने मिळवलं ते एक वर्ष. तुम्ही म्हणाल एकच वर्ष. पण या धंद्यात विकलं जातं ते वर्षच. अमेरिकेत असंच एकेक करून बावन्न मिळवली.

विडी कामगारांबद्दल मात्र दोन शब्द बोलतो, कारण तो मुद्दा खोटा नाही. नगर, संगमनेर, सिन्नर, सोलापूर इथे हजारो बायका आयुष्यभर विड्या वळतात, हजार विड्यांवर मजुरी. सोलापूरजवळ कुंभारीला या बायकांनी लढून दहा हजार घरांची वसाहत उभी केली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. त्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. पण तो कधी निघतो बघा. मजुरी वाढवायची वेळ येते तेव्हा निघत नाही. दुसरा रोजगार, भविष्य निर्वाह निधी, तंबाखूच्या भुकटीत बसून होणारा खोकला, याची चर्चा चालू असते तेव्हा नाही. पाकिटावरचं चित्र मोठं होणार म्हटलं की निघतो. खरा प्रश्न चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी आणून ठेवणं, हाही धूर करण्याचाच एक प्रकार. आणि यात त्या बायकांचा अपमान आहे, असं मला वाटतं.

पोस्ट तंबाखूविरोधी वाटेल, तशी ती थोडी आहेच. पण मी तंबाखू घेतली ती यासाठी की या एका प्रकरणात धूर करणाऱ्यांचीच कागदपत्रं हाती लागली. बाकीच्या प्रकरणांत बहुतेक वेळा मिस्टर बट्स भेटत नाही. तिथे आपल्याला नुसत्या वाक्यांवरून ओळखावं लागतं. मी हल्ली एक करतो. कुठल्याही पक्षाचा, कुठल्याही कंपनीचा खुलासा वाचला की प्रत्येक वाक्य खरं की खोटं हे आधी बघतच नाही. वाचायच्या आधी मला जे दिसत होतं ते वाचल्यावर दिसतंय का, एवढंच बघतो. कधीकधी जास्त स्पष्ट दिसतं, तेव्हा तो खरा खुलासा. तसंही होतं, नाही असं नाही.

वडिलांचं सांगायचं राहिलं. शेवटची चार वर्षं त्यांना जिना चढता येत नव्हता. घरी ऑक्सिजनचं यंत्र होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन कारण सांगितलं. वडिलांना सांगायची गरज नव्हती, त्यांना कळलं होतं. एकदा मात्र ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "ती हलकी होती ना रे?" मी हो म्हटलं.

भाचीचा मेसेज आलाय. उद्याच्या वीस शब्दांत एक्विव्होकेट आहे, आणि त्याच्यापुढेही गोंधळात टाकणेच लिहिलंय म्हणे. त्यावर नंतर कधीतरी.